आजारी माणसाला सांभाळणाऱ्याचं काय?

नमस्कार. इथे येण्यासाठी तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी घरी कुणाला तरी बसवून ठेवलं असेल आणि अर्धं लक्ष अजून तिकडेच असेल. फोन बंद करा असं मी सांगणार नाही. वाजला तर उठून बाहेर जा, बोला, परत या.

घरातल्या आजारी माणसाचं करणाऱ्यांशी बोलताना एक वाक्य हमखास येतं, पण फार उशिरा येतं. आधी औषधं, तपासण्या, डॉक्टर काय म्हणाले, हे सगळं होतं. मग दार लोटलेलं आहे याची खात्री झाली की आवाज खाली येतो, 'कधी कधी वाटतं, सुटले तर बरं.' आणि पाठोपाठ रडू. आपल्या मनात हे आलंच कसं, या विचाराने माणूस स्वतःला कुरतडत राहतो. हा विचार ज्यांनी जीव ओतून केलंय त्यांच्याच मनात येतो. ज्याने एकही रात्र जागून काढलेली नाही, त्याला तो यायचं कारणच काय? तो आला की समजावं, अंगातलं बळ संपत आलंय, आणि आता दुसऱ्या कुणाला तरी हात लावायला सांगायची वेळ झाली आहे.

१९७४ साली हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने 'बर्नआउट'वर लिहिलं, ते मोफत दवाखान्यांसारख्या ठिकाणी राबणाऱ्या माणसांबद्दल. पुढे क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी या अवस्थेची तीन अंगं मांडली. मनाने पार रिकामं होणं, समोरच्या माणसाबद्दल कोरडेपणा येणं आणि आपल्या हातून काहीच धड होत नाही असं वाटणं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तिची व्याख्या केली, पण ती नोकरी-व्यवसायापुरतीच ठेवली. घरी सांभाळणारा त्यात बसत नाही. मला हे फार खटकतं. नोकरीत निदान पाळी संपते, रजा टाकता येते. घरी तेही नाही.

त्या तिन्हींतला कोरडेपणा माणसाला सगळ्यात जास्त घाबरवतो. आईला कुशीवर वळवायचं, पाठ पुसायची, खालच्या चादरीची सुरकुती काढायची, टाचा टेकू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली उशी सरकवायची, युरिन बॅग रिकामी करून आकडा वहीत लिहायचा. हात सराईत झालेले असतात, कुठे चूक होत नाही. आणि खोलीबाहेर आल्यावर लक्षात येतं की एवढ्या वेळात आपण तिच्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नाही. ती काहीतरी म्हणाली होती. काय, ते आठवत नाही.

हे मनापुरतं राहत नाही. १९९५ साली जॅनिस किकोल्ट-ग्लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाचं करणाऱ्या १३ स्त्रिया आणि अशी जबाबदारी नसलेल्या १३ स्त्रिया घेतल्या. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखीच जखम केली आणि ती भरायला किती दिवस लागतात ते पाहिलं. सांभाळणाऱ्या स्त्रियांना सरासरी नऊ दिवस जास्त लागले.

आणखी एक आकडा तुम्ही कदाचित ऐकला असेल. १९९९ मध्ये रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच यांनी वयस्कर जोडप्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आजारी जोडीदाराचं करताना ज्यांना ताण जाणवत होता, त्यांच्यात चार वर्षांत मृत्यूचा धोका ६३ टक्क्यांनी जास्त आढळला. हा आकडा भीती घालायला वापरला जातो आणि त्याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष कुणी सांगत नाही. जे जोडीदाराचं करत होते पण ज्यांना त्याचा ताण जाणवत नव्हता, त्यांच्यात अशी वाढ दिसली नाही. माझ्या लेखी हीच मोठी बातमी आहे. आपल्या माणसाचं करायचं थांबवा, असं कुणी म्हणत नाहीये. ताण कशाने येतो ते शोधून तेवढं कमी करायचं आहे.

सुरुवात झोपेपासून करा. बाकीचं सगळं नंतर. रात्री कशाकशासाठी उठावं लागतं ते आठवडाभर लिहून काढा आणि तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी दिली जात असेल, तर ती सकाळी देता येईल का हे विचारा. कूस बदलण्यासाठी उठत असाल, तर एअर मॅट्रेस वापरून रात्रीचं अंतर थोडं वाढवता येईल का ते विचारा. मॅट्रेस आली म्हणून कूस बदलणं सुटत नाही, पण अंतर किती ठेवायचं हे प्रकृती पाहून ठरवता येतं. हे प्रश्न डॉक्टर आपणहून काढतीलच असं नाही, कारण त्यांच्यापुढे आजार असतो, तुमची रात्र नसते.

रागाबद्दल स्पष्टच बोलते. चिडचिड सगळ्यांचीच होते. पण दंड जरा जास्तच जोरात धरला गेला, हात उगारला गेला, तोंडातून नको ते निघालं, तर ती गोष्ट त्याच दिवशी कुणाला तरी सांगायची. त्या क्षणी आजारी माणसाला पडणार नाही असं बसवा किंवा निजवा, दुसऱ्या खोलीत जा, फोन लावा. आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, कशातच जीव रमत नसेल, स्वतःला संपवावंसं वाटत असेल, तर थांबू नका. तुमच्या स्वतःच्या नावाने केसपेपर काढा आणि डॉक्टरांसमोर रुग्ण म्हणून बसा.

स्मृतिभ्रंश असलेल्या घरांत आणखी एक दुःख असतं. माणूस समोर बसलेला असतो आणि तरी हरवलेला असतो. पॉलीन बॉस यांनी अशा अर्धवट, शेवट नसलेल्या वियोगाचा आयुष्यभर अभ्यास केला. या दुःखाला सांत्वनाला येणारं कुणी नसतं, म्हणून ते थकव्यात मिसळून जातं. रडू आलं तर रडा. माणूस हयात आहे म्हणून रडायला बंदी नाही.

आता वाटणीकडे येते, कारण सगळं तिथेच अडतं. 'काही लागलं तर सांग हं' असं म्हणणारे नातेवाईक वाईट नसतात. पण काय लागणार, कधी लागणार, कुणाला जमणार, याचा विचार पुन्हा सांभाळणारीनेच करायचा असतो. म्हणून सुटं काम देऊ नका, अख्खं खातं देऊन टाका. औषधांचं खातं भावाचं, म्हणजे गोळ्या किती उरल्या ते मोजणं, चिठ्ठी नवी करून घेणं, वेळेत आणणं, सगळं त्याचं. दूर राहणाऱ्या बहिणीला विम्याचे कागद, रिपोर्टची फाइल आणि डॉक्टरांची वेळ घेणं सहज जमतं. चौकशीचे फोनही एकीकडेच वळवा. रोज तेच तेच सांगताना माणूस फार दमतो. आणि वाटून दिलेलं काम दुसऱ्याने आपल्या पद्धतीने केलं, तर ते तसं होऊ द्या.

मेरी मिटलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये ४०६ जोडीदारांबरोबर असंच काम केलं. सगळ्यांच्या पती किंवा पत्नीला अल्झायमर होता. निम्म्या जणांना दोन बैठका एकट्याने आणि चार बैठका कुटुंबीयांबरोबर, नंतर आधारगट आणि अडेल तेव्हा फोनवर समुपदेशन, एवढंच जास्तीचं मिळालं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांच्या माणसांना शुश्रूषागृहात ठेवण्याची वेळ साधारण ५५७ दिवसांनी लांबली. नवं औषध नव्हतं. घरातली माणसं समुपदेशकासमोर एकत्र बसली होती.

तुमच्याकडे समुपदेशक नसला, तरी बैठक घेता येते. आधी एका दिवसाचं काम लिहून काढा, सकाळी उठल्यापासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. रात्री दोनदा उठून श्वास चालू आहे ना ते पाहणं, हेसुद्धा लिहा. प्रत्येक कामापुढे ते सध्या कोण करतं त्याचं नाव घाला. तो कागद सांभाळणारीने वाचू नये, दुसऱ्या कुणीतरी मोठ्याने वाचावा. एकच नाव ओळीने पंधरा-वीस वेळा ऐकल्यावर खोलीतली माणसं वाद घालत नाहीत असं नाही, पण वाद निदान कागदावरच्या कामांवर येतो. आठवड्यातली एक दुपार आणि एक रात्र सांभाळणारीची, हे त्यातच ठरवा, आणि ती सुट्टी बोलून दाखवल्याशिवाय मिळायला हवी. उठण्यापूर्वी पुढच्या बैठकीची तारीख घाला.