दुसरी पाळी, दुसरी पाल

‘१९६८च्या मार्चात मी दुसऱ्या पालीला लागलो.’

श्रोतेहो, नमस्कार. आपण बरोबर ऐकलंत. पाल, भिंतीवरची. हे वाक्य माझ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर आलं आणि ते मी नंदानगरातल्या एका काकूंना वाचून दाखवलं, तर त्या डोळे पुसेपर्यंत हसल्या. मग म्हणाल्या, "अरे, पाली घरात होत्या. मिलमध्ये पाळी होती."

काकूंचे यजमान इंदूरच्या एका कापड मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. पुण्यामुंबईकडे गिरणी म्हणतात, आपल्याकडे मिलच. मिल बंद झाल्यावर काका काही वर्षं गप्प बसून होते. पुढे मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि त्याचा कॉम्प्युटर घरी राहिला. पेन्टियम थ्री, विंडोज ९८, वीस जीबीची हार्ड डिस्क. त्यावर काका एका बोटानं टाइप करायला शिकले आणि त्यांनी मिलच्या आठवणी लिहून काढल्या. तीन-चार वर्षं, रोज दुपारी. काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. यंदा काकूंना त्या आठवणी छापून नातवंडांना द्यायच्या होत्या, आणि डबा काही सुरू होईना. एका दुकानदारानं त्यांना सांगितलं, "आजी, भंगारात द्या. याचं आता काही होत नाही."

हे असलं वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. मी पोटापाण्यासाठी हिशेब लिहितो, पण संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर कोणाचा ना कोणाचा कॉम्प्युटर पोट फाडून पडलेला असतो. पंचवीस वर्षांत माझं एक मत पक्कं झालं आहे. यंत्र सहसा मरत नाही, आपण त्याला मेलेलं जाहीर करतो. काकूंच्या डब्याचं तसंच झालं होतं. पण त्या डब्यानं मला एक धडा उलटाही शिकवला, त्याकडे येतोच.

जुना कॉम्प्युटर हाती आला की लोक पहिली चूक करतात ती म्हणजे बटण दाबतात. दहा-पंधरा वर्षं बंद असलेल्या पेटीला वीज देणं म्हणजे जुगार. आतल्या पॉवर सप्लायमधले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारी छोटी नळकांडी, सुकलेले असतात, आणि त्या काळातल्या मदरबोर्डांवरचे तर डोक्यावर फुगून येतात, तव्यावरच्या फुलक्यासारखे. म्हणून मी आधी हार्ड डिस्क बाहेर काढली. ती चाळीस पिनांची, रुंद चपट्या पट्टीवाली जात. तिला एक छोटा जोड लावला की ती यूएसबीनं आजच्या लॅपटॉपला बोलते. डिस्कवर काहीही उघडून पाहण्याआधी तिची अथपासून इतिपर्यंत नक्कल उतरवून घेतली. म्हाताऱ्या डिस्कला एकदाच पळवायचं, दोनदा नाही.

नक्कल सुखरूप झाल्यावर मग पेटीचा प्रयोग. फुगलेले तीन कपॅसिटर बदलले. बोर्डावर रुपयाएवढा एक चपटा सेल असतो, सीआर-२०३२, तीन व्होल्टचा. तो संपलेला होता, तोही बदलला. पेटी सुरू झाली. खर्च म्हणाल तर सेल पोह्यांच्या एका प्लेटच्या भावात आला, जिलबी धरून.

या सेलबद्दल दोन शब्द बोलून घेतो, कारण महिन्यातून एकदा तरी कोणी मला सांगतं की ‘इंटरनेट बिघडलंय, एकही साइट उघडत नाही’. कॉम्प्युटर बंद असताना त्याचं घड्याळ हा सेल चालवतो. सेल गेला की प्रत्येक वेळी तारीख मागे जाते, बोर्ड बनला त्या वर्षाच्या आसपास. आता बँकेची किंवा कुठलीही सुरक्षित साइट आपलं ओळखपत्र दाखवते, त्यावर अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत वैध असं लिहिलेलं असतं. तुमचा कॉम्प्युटर समजतो आहे की आज २०१२ साल आहे. मग ते ओळखपत्र त्याच्या लेखी अजून जन्मालाच आलेलं नाही, आणि तो दार लावून घेतो. कोपऱ्यातली तारीख पाहा. नव्वद टक्के नाही म्हणणार, पण पुष्कळदा भानगड तिथेच असते.

तर पेटी जिवंत झाली. एका रविवारचं काम. काकूंना फोन करून मी मोठ्या ऐटीत सांगितलं, आणि आठवणींची फाइल उघडली.

आत मराठी नव्हतंच. रोमन अक्षरं होती, कोणाच्या डोक्यावर टिंबं, कोणाला खाली शेपूट, मध्येच पौंडाचं चिन्ह, मध्येच कंस. दीडशे पानं असलीच.

श्रोतेहो, आपल्यापैकी ज्यांनी त्या काळात मंडळाच्या पत्रिका, स्मरणिका, लग्नाचे मायने कॉम्प्युटरवर केले असतील त्यांना हे दुखणं ठाऊक आहे. त्या वेळच्या फॉन्टमध्ये खाने होते २५६. त्यांतले पहिले १२८ इंग्रजीनं आधीच धरलेले. मराठी फॉन्ट बनवणाऱ्यांनी काय केलं, तर इंग्रजी अक्षरांच्याच खान्यांत आपल्या अक्षरांची चित्रं ठेवली. एका खान्यात अर्धा क, एकात काना, एकात वेलांटी, एकात रफार. कॉम्प्युटरला वाटत होतं तो इंग्रजीच साठवतो आहे. मराठी फक्त डोळ्यांना दिसत होतं. आणि प्रत्येक कंपनीनं खान्यांची मांडणी आपापल्या मर्जीनं केली. फॉन्ट गेला की मुखवटा गेला, आणि खालचा इंग्रजी कचरा उघडा पडला.

विंडोज ९८च्या पेटीत तो फॉन्ट असायला हवा होता ना? होता. पण सॉफ्टवेअरबरोबर आलेली एक कुलपाची कळ, कॉम्प्युटरला प्रिंटर जोडतात त्या भोकात खोचायची, ती कुठे तरी गेली होती. कळीशिवाय सॉफ्टवेअर सुरू होईना.

खरं सांगतो, मला राग आला तो काकांच्या वतीनं. देवनागरीला सगळ्या जगात सारखे, पक्के आकडे देणारं युनिकोड १९९१ सालीच छापून आलं होतं, तेही आपल्याच देशातल्या इस्की या लिपी-मानकाच्या १९८८च्या तक्त्यावरून. पण घरच्या कॉम्प्युटरवर ते यायला विंडोज २००० उजाडावं लागलं. त्याच्याबरोबर मंगल नावाचा फॉन्ट आला, आपल्याला आजही दिसतो तो. काकांची पेटी त्याच्या अलीकडची. दोन वर्षांचा फरक, आणि मधे भिंत.

मग मी तेच केलं जे छंदी माणूस करतो. सोपी वाट सोडून पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत आपला आपण प्रोग्राम लिहायला बसलो. ज्या घरात रविवारी डबा दुरुस्त झाला होता त्या घरात मजकूर दुरुस्त व्हायला तीन महिने लागले.

पहिला फटका खाल्ला तो ‘मिल’ या शब्दानं. आपण हातानं लिहितो तेव्हा ऱ्हस्व वेलांटी आधी काढतो का? नाही, पण टाइपरायटरवर ती आधी दाबायची, कारण ती डावीकडे दिसते. जुन्या फॉन्टांनी तीच सवय उचलली: आधी वेलांटी, मग म. युनिकोड उच्चाराच्या क्रमानं चालतं: आधी म, मग वेलांटी. माझ्या पहिल्या प्रोग्रामनं क्रम तसाच ठेवला, आणि प्रत्येक ओळीत एक अधांतरी वेलांटी, तिच्यापुढे ‘मल’. काकांच्या आठवणींत सगळ्यात जास्त वेळा येणारा शब्द, तोच मोडलेला. वेलांटी एका अक्षरावरून पलीकडे न्यायची, पण जोडाक्षर असेल तर अख्ख्या जोडाक्षरावरून न्यायची, हे शिकवायला एक आठवडा. रफार याच्या उलटा. तो जुन्या फॉन्टमध्ये मागून यायचा, युनिकोडमध्ये पुढून, त्यामुळे ‘कर्ज’ आणि ‘कर्मचारी’ दोघेही वेडेवाकडे.

आणि मग ती पाल. अक्षरांचा तक्ता मी एका हिंदी फॉन्टच्या तक्त्यावरून सुरू केला होता, आळस, दुसरं काय. हिंदीला ळ लागत नाही, म्हणून मी त्या खान्यात ल बसवून पुढे गेलो होतो. शिवाय ‘दुसऱ्या’मधला तो चंद्रकोरीसारखा र, तोही हिंदीत नाही. आपल्या मराठीत मात्र ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. एका चंद्रकोरीनं अर्थ बदलतो. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड वापरणाऱ्यांसाठी सांगतो, र जिथे आहे तिथेच शिफ्ट दाबून हा नुक्ताधारी, म्हणजे खाली टिंब असलेला, ऱ येतो, आणि ल जिथे आहे तिथेच शिफ्टनं ळ. इंदुरात आपण हिंदीच्या शेजारात राहतो, बोलण्यात ‘भिया’ येतो, येऊ दे. पण टाइप करताना ळ सोडला तर साधी कामावरची माणसं पालींबरोबर काम करायला लागतात.

तक्ता सुधारला. आणि काका बोलू लागले.

काय लिहिलंय माणसानं! पहाटेच्या भोंग्यानं सगळी वस्ती कशी उठायची, कोणत्या साच्याचा आवाज जरा जरी बदलला तर जॉबर, म्हणजे मुकादम, पंचवीस हातांवरून कसा ओळखायचा. आणि झांक्या, म्हणजे चालते देखावे. अनंत चतुर्दशीच्या रात्री निघणाऱ्या आपल्या मिलांच्या झांक्या, हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याणमल, स्वदेशी, हे सगळं रात्रभर रस्त्यावर उभं राहून आपण पाहिलेलं असतं. पण त्यातला हनुमान गदा कशी उचलतो हे मी कधी विचारलं नव्हतं. काकांनी अकरा पानं लिहिली आहेत: जुन्या साच्याची मोटर, तिच्यावर पट्टा, पट्ट्यानं फिरणारं लाकडी चाक, चाकाला एका बाजूला उंचवटा, आणि त्या उंचवट्यावर टेकलेला दांडा. चाक फिरलं की दांडा वरखाली, दांडा वरखाली की गदा वरखाली. साच्याची अक्कल देवाच्या हातात. मी ती पानं दोनदा वाचली, तक्ता तपासायच्या नावाखाली.

असो. मुद्द्याकडे येतो. लोक मला विचारतात, नवा कॉम्प्युटर घेऊ का? १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार संपला, आणि विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा लागते, ती पुष्कळ जुन्या पेट्यांत नाही. म्हणून चालत्या पेट्या भंगारात निघाल्या. माझं म्हणणं, आधी हार्ड डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क, घाला. हार्ड डिस्कमध्ये सुई प्रत्येक तुकड्यासाठी धावत असते, एसएसडीत धावायला काहीच नाही, म्हणून तीच पेटी नवी वाटते. नंतर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी प्रणाली घालून पाहा. टपाल पाहणं, पत्र लिहिणं, बँक, एवढंच असेल तर पुढची पाच वर्षं निघतात. पण हे सगळं दुय्यम. पेटी गेली तर पेटी मिळते. माझ्या लेखी खरी काळजी आहे ती आत लिहिलेल्याची.

आमच्या घरी आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ आहे. चालू केला की आधी तापतो, मग मध्यम लहरींवर बोलतो, रात्री तर दूरदूरची केंद्रं पकडतो. त्याला कोणी सांगितलं नाही की तू जुना झालास. कारण लहरीवर आवाज कसा चढवायचा हे सगळ्यांना ठाऊक आहे, कुणा एकट्याच्या पेटीत त्याची कळ नाही. काकांच्या फाइलची कळ एका प्रिंटरच्या भोकात होती.

म्हणून आपल्या घरात जुन्या फॉन्टमधलं काही असेल, मंडळाची इतिवृत्तं, आजीची गाणी, तर ते आज उघडून पाहा. पीडीएफ आहे म्हणून निर्धास्त राहू नका; तीत एखादा मराठी शब्द शोधा. डोळ्यांना दिसतो पण शोधून सापडत नाही, तर आत कचरा आहे. बदलून युनिकोडमध्ये, साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा. पेन ड्राइव्ह हा नेण्याआणण्याचा, ठेवण्याचा नाही; त्यातला विजेचा भार वर्षांनुवर्षं न वापरता पडून राहिला तर झिरपतो. तीन प्रती असू द्या, दोन वेगळ्या जातींच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्याच्या घरी. काकांच्या दीडशे पानांची टेक्स्ट फाइल किती झाली ठाऊक आहे? आठशे केबीच्या आसपास. देवनागरीच्या एका अक्षरचिन्हाला तीन बाइट लागतात, तरीही. म्हणजे त्यांचं सगळं आयुष्य १.४४ एमबीच्या एका फ्लॉपीत मावलं असतं. आपल्या फोनमधला एक फोटो मावला नसता.

एक खाना मात्र शेवटपर्यंत सुटला नाही. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एकच चिन्ह होतं, खालून इंग्रजी टिंबाटिंबांचं काही तरी. तक्त्यात ते बसेना. शेवटी काकूंनी पेटीतून एक जुना छापील कागद काढला, काकांनी तेव्हा छापून ठेवलेला. त्यावर प्रकरणाखाली छोटासा गणपती होता, फॉन्टमध्येच आलेला, लग्नपत्रिकेवर असतो तसा.

युनिकोडमध्ये ॐ आहे. गणपती नाही.

मी म्हटलं, "काकू, तिथे ॐ टाकू का?"

"नको," त्या म्हणाल्या. "जागा मोकळी ठेव. किती प्रती काढतोयस?"

"सात."

"प्रकरणं चौदा." त्यांनी बोटांवर मोजलं, चष्मा लावला आणि काळ्या शाईचं पेन कुठे आहे ते शोधायला आत गेल्या.

नमस्कार.