दोन पोती खत

अबुजा, 2011. नायजेरियाला नवे कृषिमंत्री मिळालेत. गळ्यात बो टाय. तो त्यांनी पुढेही सोडला नाही. नाव अकिनवुमी अडेसिना.

खत सरकारच विकत घ्यायचं, सरकारच वाटायचं. चाळीस वर्षं हाच रिवाज. अनुदानाचं पोतं शेतकऱ्याच्या बांधावर पोचण्याआधीच भलत्या गोदामात शिरायचं. खताच्या रांगेत उभं राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

अडेसिनांनी सरकारी खरेदीच थांबवली. शेतकऱ्यांची नोंदणी केली आणि 2012 पासून अनुदान थेट मोबाइलवर धाडलं. फोन साधा, बटणांचा. मेसेज आला की शेतकरी जवळच्या दुकानात जाणार, निम्मे पैसे मोजणार, दोन पोती उचलणार. मधल्या दलालांचं काम संपलं. सगळंच सुरळीत झालं असं नाही. पुढे दुकानदारांची सरकारकडची बिलं थकली. पण खत शेतात पोचू लागलं, आणि आमच्या मते या माणसाची खरी कमाई तीच.

तसे ते शेतकऱ्याच्याच घरातले. जन्म 1960 चा. इफेच्या विद्यापीठात पदवी, मग अमेरिकेत पर्ड्यूला शेतीच्या अर्थशास्त्रात पीएचडी.

1 सप्टेंबर 2015. अडेसिना आफ्रिकन विकास बँकेचे अध्यक्ष झाले. बँकही नुकतीच घरी आलेली: आयव्हरी कोस्टमधल्या यादवीमुळे 2003 मध्ये आबिदजानहून ट्युनिसला हललेला कारभार 2014 मध्ये परतला होता. आता धरणं-रस्त्यांच्या कर्जांसोबत बियाण्यांचाही विचार होऊ लागला. इथिओपियाच्या तापत्या सखल भागात उष्णता सोसणारा गहू डोलू लागला, त्यामागे बँकेचा पैसा होता. 2017 मध्ये अडेसिनांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. बक्षिसाचे अडीच लाख डॉलर त्यांनी शेतीत उतरणाऱ्या तरुणांसाठी देऊन टाकले. 2019 मध्ये बँकेचं भांडवल 93 अब्ज डॉलरवरून 208 अब्जांवर नेण्यास सभासद देशांनी होकार दिला.

आणि 2020 उजाडलं. बँकेतल्याच काहींनी नाव न सांगता तक्रार केली: अध्यक्ष नेमणुकांत आपल्या माणसांना झुकतं माप देतात. अडेसिनांनी आरोप फेटाळले. बँकेच्या समितीला त्यात तथ्य आढळलं नाही, पण बँकेत भागीदार असलेल्या अमेरिकेचं समाधान होईना. मग आयर्लंडच्या माजी राष्ट्राध्यक्ष मेरी रॉबिन्सन यांच्या समितीने सगळी कागदपत्रं पुन्हा चाळली. निर्वाळा तोच. त्याच ऑगस्टमध्ये अडेसिना पुन्हा निवडून आले, एकही मत विरोधात न जाता.

31 ऑगस्ट 2025 ला त्यांची मुदत संपली. दुसऱ्या दिवशी मॉरिटानियाचे सिदी उल्द ताह त्या खुर्चीवर बसले.