चार बोटांचं अंतर

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय पी. टी. उषाबद्दल. तिची पदकं तुम्हाला पाठ असतील. १९८५ला जकार्तात आशियाई अजिंक्यपदाची पाच सुवर्णं, पुढच्या वर्षी सोलच्या आशियाई खेळांत चार. मला मात्र हुकलेल्या पदकाची गोष्ट सांगायचीय.

८ ऑगस्ट १९८४, लॉस एंजेलिस. बायकांची ४०० मीटर हर्डल्स, म्हणजे अडथळ्यांची शर्यत, त्या वर्षी पहिल्यांदाच ऑलिंपिकमध्ये आली. एकूण दहा हर्डल्स. पहिला ४५ मीटरवर, मग दर ३५ मीटरला एक, आणि दहावा ओलांडला की शेवटचे ४० मीटर नुसतं पळायचं. हे शेवटचे ४० मीटर ध्यानात ठेवा.

केरळातल्या पय्योलीची ही वीस वर्षांची पोर उपांत्य फेरी जिंकून आलेली. बंदूक वाजली आणि उषा अशी सुटली की बास! पण दुसऱ्या एका धावपटूची सुरुवात चुकली होती. सगळ्यांना परत बोलावलं. पुन्हा बंदूक. या खेपेला पहिल्यासारखी सुरुवात साधली नाही. तरी एकेक हर्डल मागे टाकत ती पुढे आली. मोरोक्कोची नवाल अल् मुतवक्किल पहिली. तिसरी कोण? उषा आणि रुमानियाची कोजोकारू, दोघी जवळजवळ एकदमच रेषेवर. रेषेवर मोजतात ती छाती, पाय नव्हे, आणि छाती झोकून द्यायला उषाला किंचित उशीर झाला. फोटो पाहून निकाल लागला. कोजोकारू ५५.४१, उषा ५५.४२. पुन्हा सांगते, ५५.४१ आणि ५५.४२. एक शतांश सेकंद! त्या वेगाला हे अंतर होतं सात सेंटिमीटर. आपली चार बोटं.

पुढे उषानेच सांगितलं, की तिथलं जेवण जाईना म्हणून ती भाताची पेज आणि कैरीचं लोणचं खाऊन राहिली होती. शेवटच्या टप्प्यात, त्या ४० मीटरांत, अंगात ताकद उरली नाही. नुसत्या पेजेवर चारशे मीटर! आजही हे सांगताना माझा जीव तुटतो.

आणि आपण काय करतो? शाळेचं मैदान लग्नाला भाड्याने देतो. पीटीचा तास गणिताच्या सरांना देऊन टाकतो. मुलगी नववीत गेली की तिचं खेळणं बंद. मला हे मुळीच पटत नाही.

असो. २००२मध्ये उषाने केरळात मुलींसाठी धावण्याची शाळा काढली. राहणं, खाणं, सराव, सगळं एकाच ठिकाणी. खाणं, बरं का! तिथलीच टिंटू लुका. उषाने स्वतः गाजवलेल्या शर्यती सोडून तिला ८०० मीटरला उतरवलं. २०१०ला टिंटूने १ मिनिट ५९.१७ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. २०१३च्या जुलैत आपल्या पुण्यात बालेवाडीला आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली, तिथे टिंटूला ८०० मीटरचं कांस्य मिळालं आणि ४ बाय ४०० रिलेचं सुवर्णही. दोन वर्षांनी वुहानला ८०० मीटरचं सुवर्ण.

पुण्यातलं सनस मैदान सकाळी लवकर जागं होतं. घरात पळणारी मुलगी असेल तर तिला एकदा घेऊन जा. आणि निघण्याआधी पोटभर खायला घाला. नमस्कार.