सिडनीत लिहिलेली अमेरिका

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलूया ऑस्ट्रेलियातल्या स्वस्त रहस्यकथांबद्दल.

दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि डॉलर वाचवायचे म्हणून तिथल्या सरकारनं अमेरिकी कथामासिकं, कॉमिक्स यांची आयात बंद केली. लक्षात ठेवा, बंदी डॉलरसाठी होती. ती उठेपर्यंत 1950चं दशक सरत आलं. वाचकांना मात्र न्यूयॉर्कचे गुप्तहेर हवेच होते. मग सिडनीच्या हॉरविट्झ, क्लीव्हलँड या प्रकाशकांनी ते घरीच लिहवून घेतले. क्लीव्हलँडचा काल्पनिक गुप्तहेर लॅरी केंट आधी रेडिओवर गाजला, 1954 पासून पुस्तकात आला. कानासाठी लिहिलेला संवाद कागदावरही खणखणीत वाजतो, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आजच्या कादंबरीकारांनी वर्षभर तरी श्रुतिका लिहाव्यात. असो.

आता ॲलन जेफ्री येट्सची गोष्ट ऐकाच. जन्म लंडनचा, 1923चा. 1948 मध्ये ऑस्ट्रेलियात आला, क्वांटास विमान कंपनीच्या प्रसिद्धी खात्यात नोकरी केली. 1953 पासून पूर्णवेळ लेखक, टोपणनाव पीटर कार्टर ब्राउन. हॉरविट्झशी करार असा: महिन्याला दोन लघुकादंबऱ्या आणि एक पूर्ण कादंबरी. म्हणजे दर दहा दिवसांनी एक हस्तलिखित हातावेगळं करायचं! आणि कथा घडणार अमेरिकेत, जी त्यानं तोवर पाहिलेलीच नव्हती.

मग काय केलं? कॅलिफोर्नियात स्वतःची एक पाइन काउंटी वसवली. खऱ्या शहरातला एक रस्ता चुकला तरी तिथला वाचक लगेच पकडतो. मनातल्या गावात कोण पकडणार? तिथं लेफ्टनंट अल व्हीलर नेमला, त्याला ऑस्टिन-हीली गाडी दिली, घरात गाणी ऐकायचा हाय-फाय संच ठेवला, डोक्यावर शेरिफ लॅव्हर्स बसवला. एवढ्या चार खुणांवर पुढची कितीतरी पुस्तकं उभी राहिली.

घात व्हायचा तो शब्दांत. गाडीच्या डिकीला सिडनीत ‘बूट’ म्हणतात, अमेरिकेत ‘ट्रंक’. सिडनीत ‘पेट्रोल’, अमेरिकेत ‘गॅस’. सिडनीत ‘फूटपाथ’, अमेरिकेत ‘साइडवॉक’. अमेरिकी पोलिसाच्या तोंडी असा एक जरी शब्द चुकला, तरी तो सिडनीचा आहे हे उघडं पडतं.

आणि 1958 मध्ये न्यूयॉर्कच्या सिग्नेट प्रकाशनानं हीच पुस्तकं उचलली! नावातला ‘पीटर’ गेला, ‘कार्टर ब्राउन’ उरला. पुढे चित्रकार रॉबर्ट मॅकगिनिसची मुखपृष्ठं आली. पुन्हा सांगतो: डॉलर बाहेर जाऊ नये म्हणून बंदी घातली, आणि त्या बंदीत वाढलेला लेखक थेट अमेरिकेतच खपला.

जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्याची प्रत मिळाली तर आधी नाव पाहा. ‘पीटर’ छापलेलं असेल तर ती सुरुवातीच्या ऑस्ट्रेलियन पुस्तकांपैकी असणार. पातळ पुस्तिका मधोमध तारेच्या टाचण्यांनी शिवलेली असते. दमट हवेत टाचणी गंजते, गंज कागद खातो आणि मधलं पान आधी सुटतं. म्हणून ती सपाट उघडू नका, अर्धवट उघडूनच वाचा.