इंडियाना जोन्सचा सहावा चित्रपट: दहा कोटी डॉलरचं गणित

मंडळी, इंडियाना जोन्स, म्हणजे खजिन्यांमागे धावणारा साहसी पुरातत्त्वज्ञ, याचा सहावा चित्रपट काढावा का, ही चर्चा बहुधा तो साकारणाऱ्या हॅरिसन फोर्डच्या वयावरून सुरू होते. आपण पैशांपासून सुरू करू. वय त्यात आपोआप येईल.

पाचवा चित्रपट, 'डायल ऑफ डेस्टिनी', जून २०२३च्या अखेरीस आला. निर्मितीवर सुमारे ३० कोटी डॉलर लागल्याच्या बातम्या होत्या. जगभरचा गल्ला जमला ३८ कोटी ४० लाख. वरवर पाहिलं तर आठ कोटी सुटले. पण हा गल्ला तिकिटांचा. अमेरिका-कॅनडात त्यातला साधारण निम्मा स्टुडिओकडे येतो, बाकी जगात सरासरी चाळीस टक्के धरा, आणि चीनमध्ये तर पंचवीसच्या आसपास. या चित्रपटाचे अमेरिका-कॅनडात १७ कोटी ४० लाख जमले आणि बाहेर २१ कोटी. म्हणजे स्टुडिओच्या हातात ढोबळमानाने १७ कोटी. प्रसिद्धीचा खर्च अजून यात धरलेलाच नाही. टीव्ही, ओटीटी, खेळणी असं सगळं मिळवलं तरी हा खड्डा भरण्यासारखा नाही.

आता हाच हिशेब उलटा मांडा. सहाव्यानेही तेवढाच गल्ला केला, तर हातात १७ कोटी. प्रसिद्धी काटकसरीने केली तरी सात कोटी जाणार. उरले दहा. माझ्या मते सहाव्या चित्रपटाचा सगळा वाद या दहा कोटींत आहे. तेवढ्यात बसत असेल तर जरूर काढा, बसत नसेल तर थांबा.

दहा कोटी कमी वाटतात, पण १९८९चा तिसरा चित्रपट, 'लास्ट क्रुसेड', ४ कोटी ८० लाखांत झाला होता. महागाई धरली तर २०२३च्या भावाने ते जेमतेम १२ कोटी. त्यात व्हेनिस होतं, जॉर्डनमधलं पेट्रा होतं, स्पेनमध्ये आल्मेरियाच्या माळावर धावणारा रणगाडा होता आणि शॉन कॉनरीही होता. मग पाचव्याला ३० कोटी कशाला लागले? कोविडचे निर्बंध होते, देशोदेशी चित्रीकरण होतं, हे खरंच. पण एक मोठा खर्च असा आहे की जो नायक चाळिशीत असता तर मुळात झालाच नसता.

सुरुवातीचा साधारण पंचवीस मिनिटांचा भाग घ्या. काळ १९४४चा, नायक चाळिशीचा, आणि तो साकारणारा नट ऐंशीच्या उंबरठ्यावर. ही मालिका काढणाऱ्या लुकासफिल्मच्या दृश्य-परिणाम कंपनीने, इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकने, मुख्य कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक इन्फ्रारेड कॅमेरा लावला, त्यामुळे फोर्डच्या चेहऱ्यावर ठिपके न लावता हालचाल टिपता आली. जुन्या चित्रपटांचं चित्रीकरण लुकासफिल्मच्या संग्रहात होतंच. संगणकाने त्यातून तरुण चेहऱ्याचे तेच कोन, तीच प्रकाशयोजना शोधली. एवढ्यावर काम संपत नाही. यंत्राने काढलेला चेहरा शॉटमागून शॉट माणसांनी हाताने सुधारावा लागतो: पापणीची उघडझाप, ओठांच्या कडा, गालावर पडणारी सावली. खर्च चढतो तो इथे. प्रसंग रात्रीचा, धुराचा, अंधाऱ्या आगगाडीतला ठेवलाय, यातही सोय आहे, कारण भर उन्हात असा चेहरा लगेच पकडला जातो. आणि एवढं करूनही चेहरा चाळिशीचा नि आवाज ऐंशीचा, हे कानाला कळतंच. चालही लपत नाही, कारण गुडघे आणि खांदे कुठल्याही संगणकाने तरुण केलेले नसतात.

मारामारीचं तेच. १९८१च्या पहिल्या चित्रपटातला, 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क'मधला ट्रकचा पाठलाग आठवा. ट्रकखालून घसरत मागे जाणारा माणूस म्हणजे टेरी लिओनार्ड, फोर्डचा डुप्लिकेट. त्यासाठी रस्त्याच्या मधोमध चर खणला होता आणि ट्रक जमिनीपासून नेहमीपेक्षा उंच बांधला होता. कॅमेरा जरा सावकाश चालवायचा, हीही जुनीच युक्ती. सेकंदाला २० फ्रेम टिपून २४च्या वेगाने दाखवल्या की पडद्यावरची धाव वीस टक्क्यांनी वाढते. चर, उंच चेसिस, कॅमेऱ्याचा वेग, सगळंच स्वस्त. पण नंतर ट्रकमागे दोरीला फरफटत जाणाऱ्या काही शॉटमध्ये फोर्ड स्वतः आहे, आणि ते दिसतं म्हणून आधीचा डुप्लिकेटही आपण खरा मानतो. नटाला एवढंही करता येत नसेल, तर शॉट तुकड्यांत कापावे लागतात: चेहरा जवळून, अंग लांबून, मध्ये संगणक. पाचव्यात मोरोक्कोतल्या टँजियरच्या गल्ल्यांतला पाठलाग रिक्षांमधून आहे. गंमत वाटते, पण कारण साधं आहे: रिक्षात नायक बसलेला असतो.

दुखापत हा त्याच खर्चाचा पुढचा भाग. दुसऱ्या चित्रपटाच्या, 'टेम्पल ऑफ डूम'च्या वेळी, चाळिशीत, फोर्डची पाठ गेली. तो उपचारासाठी अमेरिकेला गेला तेव्हा डुप्लिकेट विक आर्मस्ट्राँगवर चित्रीकरण चालू राहिलं. जून २०२१मध्ये सरावात खांदा दुखावला तेव्हा तो ७८ वर्षांचा होता, आणि त्याच्या वाट्याचं काम थांबवावं लागलं. थांबलेल्या युनिटचे पगार, भाडी, सेट चालूच असतात. मुख्य नटाचा विमा वयाबरोबर महाग होतो तो यासाठीच.

पैशांपलीकडचं नुकसान मला याहून मोठं वाटतं. नटाचं वय कथेला पुढे ओढतं. पहिले तीन चित्रपट १९३६, १९३५ आणि १९३८ सालांत घडतात. चौथा १९५७, पाचवा १९६९. १९३०च्या दशकातल्या जगात विमानं टप्प्याटप्प्याने जायची, नकाशावर कोऱ्या जागा होत्या, नाझी समोर होते. १९६९मध्ये माणूस चंद्रावर पोचला. तिथे पुरलेल्या खजिन्याची ओढ उरत नाही, म्हणून तर पाचव्याला पुन्हा १९४४मध्ये जावं लागलं आणि तोच भाग सगळ्यात जोरकस झाला. म्हणजे दहा कोटींत बसायचं असेल आणि तिशीच्या दशकात परतायचं असेल, तर नट बदलण्यावाचून मार्ग नाही.

इथे 'स्टार वॉर्स' मालिकेतल्या 'सोलो'चं उदाहरण कुणीतरी देणारच. २०१८मध्ये फोर्डचीच दुसरी भूमिका, हान सोलो, एल्डन एहरनराइखला दिली आणि चित्रपट बुडाला, हे खरं. पण तिथे चित्रीकरण चालू असताना दिग्दर्शक बदलले, बराचसा भाग रॉन हॉवर्डने नव्याने घेतला, खर्च साडेसत्तावीस कोटींच्या घरात गेला, आणि आधीचा 'स्टार वॉर्स' येऊन पाचच महिने झाले होते. ३९ कोटींचा गल्ला दहा कोटींच्या चित्रपटाला आनंदाने चालला असता. शिवाय या मालिकेत बदललेला नट नवा नाही. 'लास्ट क्रुसेड'ची सुरुवात रिव्हर फीनिक्सने केली आहे, टीव्हीवर शॉन पॅट्रिक फ्लॅनरी होता, आणि २०२४च्या व्हिडिओ गेममध्ये ट्रॉय बेकरच्या आवाजातला, १९३७मधला इंडी लोकांनी स्वीकारला. टोपी, चाबूक आणि जॉन विल्यम्सची धून यांना वय नाही.

प्रदर्शनाची एक चूक मात्र पुन्हा होऊ नये. चौथा चित्रपट १८ मे २००८ला फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात दाखवला आणि चारच दिवसांनी थिएटरात आणला. पाचवाही १८ मे २०२३ला कानला गेला, पण थिएटरात आला ३० जूनला. थंड परीक्षणं सहा आठवडे फिरत राहिली. पुढे तीन आठवड्यांच्या आत 'मिशन इम्पॉसिबल', 'बार्बी' आणि 'ओपनहायमर' आले. महोत्सव टाळला तर एक रुपयाही न खर्चता फायदा.

आपल्याला लागू असलेली आणखी एक गोष्ट. 'टेम्पल ऑफ डूम'ला भारताने चित्रीकरणाची परवानगी नाकारली, म्हणून पटकथेतला भारत श्रीलंकेत कँडीजवळ उभा राहिला. मुंबईच्या रंगभूमीवर घडलेल्या अमरीश पुरींनी त्यात डोकं भादरून खलनायक मोलाराम केला. त्यांचा दरारा सोडला तर त्या भारतात आपल्या ओळखीचं फारसं काही नाही. माकडांच्या मेंदूची मेजवानी तर सोडूनच द्या. पाचव्याची निम्म्याहून जास्त तिकिटं अमेरिकेबाहेर विकली गेली आहेत. तिशीच्या दशकात परतताना त्या काळातलं परदेशी लोकांचं चित्रणही सोबत आणलं, तर तोच गल्ला कमी होईल.

म्हणून पटकथेवर वर्ष घालवण्याआधी एक चाचणी करावी. पस्तिशीचा नट, टोपी, चाबूक, एक खोली, दोन गुंड. कॅमेरा लांब, तीस सेकंद, मध्ये एकही कट नाही, संगणकाची मदत नाही. १९३०च्या दशकातल्या नायकाला ठोसा मारता यायला हवा आणि खाताही यायला हवा. इंडी दर वेळी मार खाऊन जिंकतो. नट फोर्डच्या तिरक्या हसण्याची नक्कल करू लागला, तर दुसरा बोलवा. चार-पाच जणांनंतरही तो शॉट उभा राहिला नाही, तर फाइल बंद करा. खर्च झाला असेल तो एका सेटचा आणि दोन दिवसांच्या युनिटचा.