ओले कपडे आणि एक कायदा

३ मार्च १९७६. अमेरिकेतलं येल विद्यापीठ. नौकानयनाच्या महिला संघातल्या १९ मुली क्रीडा विभागाच्या कार्यालयात शिरतात आणि अधिकारी बाईंसमोर अंगावरचे कपडे उतरवतात. उघड्या अंगावर शाईने लिहिलेलं असतं, 'टायटल नाइन'. कर्णधार ख्रिस अर्न्स्ट निवेदन वाचून दाखवते. सोबत आणलेला वार्ताहर ते टिपून घेतो.

मागणी होती अंघोळीच्या सोयीची. नदीकाठच्या बोटहाउसमधले शॉवर पुरुषांसाठी. सराव दोघांचाही, थंडी दोघांनाही तीच. पण मुलं गरम पाण्याने अंघोळ उरकेपर्यंत मुली ओल्या कपड्यांत, कुडकुडत बसमध्ये बसून राहायच्या. आजारी पडायच्या. याच संघातली अ‍ॅन वॉर्नर त्याच उन्हाळ्यात माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक जिंकली. अशा खेळाडूंना गरम पाण्यासाठी कपडे उतरवावे लागले, याचा आजही संताप येतो.

टायटल नाइन हा १९७२चा कायदा. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला कुणालाही स्त्री किंवा पुरुष म्हणून डावलता येणार नाही, एवढंच तो सांगतो. मूळ मजकुरात खेळाचं नावही नव्हतं. तरी त्याच्या जोरावर मैदानं उघडली. तेव्हा कॉलेजच्या संघांतून खेळणाऱ्या मुली होत्या सुमारे ३० हजार. आज त्या दोन लाखांच्या वर आहेत.

पण प्रशिक्षक? १९७२मध्ये महिला संघांच्या दहापैकी नऊ प्रशिक्षक बायकाच होत्या. पगार वाढले, प्रतिष्ठा आली आणि त्या जागांवर पुरुष आले. आज महिला प्रशिक्षक निम्म्याहून कमी आहेत. या घसरणीबद्दल फारच कमी बोललं जातं.

मार्च २०२१. अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना असलेल्या एनसीएएची बास्केटबॉल स्पर्धा. पुरुषांना सुसज्ज व्यायामशाळा, महिलांना डंबेल्सचा एक लहानसा स्टँड. आयोजक म्हणतात, जागा नव्हती. ओरेगॉन संघाची सेडोना प्रिन्स फोन फिरवून शेजारची रिकामी जागा जगाला दाखवते. काही दिवसांतच साहित्य येतं. पुरुषांच्या स्पर्धेचं 'मार्च मॅडनेस' हे प्रसिद्ध नाव मात्र महिलांच्या स्पर्धेला मिळालं ते पुढच्या वर्षी.

२०२४चा महिलांचा अंतिम सामना अमेरिकेत सरासरी सुमारे १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिला. पुरुषांचा, १ कोटी ४८ लाखांनी. पुरुषांच्या स्पर्धेतल्या कामगिरीचे पैसे विद्यापीठांना १९९१पासून मिळत होते. महिलांसाठी तसा निधी मंजूर झाला जानेवारी २०२५मध्ये.