फाइल कुणाच्या हातात आहे?

(पडद्यावर: काळी खिडकी, भराभर वर सरकणाऱ्या पांढऱ्या ओळी. एका ओळीवर सगळं थांबतं.)

रात्री लावून ठेवलेली वेब-पानांची तपासणी सकाळी येऊन पाहिली, तर ती इथे अडकलेली. ओळ सांगते आहे की ही फाइल दुसरी कुठलीतरी प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम, वापरते आहे, त्यामुळे उघडता येत नाही. विंडोजच्या चुकांच्या यादीत हिचा क्रमांक ३२.

(पडद्यावर: खोली. तीन संगणक, भिंतीशी जुन्या अंकांचे गठ्ठे.)

खोली पुण्यातली. हक्क संपलेलं जुन्या दिवाळी अंकांतलं साहित्य टाइप करून वेबवर ठेवणारे काही जण इथे सुट्टीच्या दिवशी जमतात. पानं चार हजारांच्या घरात गेली आहेत. पान चढवण्याआधी ते तपासून घ्यायचं हा इथला नेम. उघडलेला टॅग, म्हणजे पानाच्या रचनेची खूण, बंद झाला का, चित्राला पर्यायी मजकूर आहे का, आणि सगळ्यात वर, पानाच्या पहिल्याच टॅगमध्ये, हे पान मराठी आहे असं नोंदवलं का. दोनच अक्षरं लागतात त्याला: एम आणि आर.

(पडद्यावर: एकच शब्द दोनदा, मोठा करून. ‘शाल’.)

या दोन अक्षरांनी काय होतं ते इथे दिसतं. फाँट एकच आहे, नोटो सान्स देवनागरी. डावीकडे भाषेची नोंद नाही, उजवीकडे आहे. उजवीकडचा ‘श’ पाहा, ‘ल’ पाहा. शाळेत पाटीवर गिरवलेलं वळण ते हेच. फाँटमध्ये ते आधीपासून असतं. ब्राउझरला भाषा कळली की तो ते बाहेर काढतो.

(पडद्यावर: गटातल्या ताईंचा हात, कीबोर्ड.)

तर, फाइल कुणी धरून ठेवली? अशा वेळी बहुतेक जण संगणक बंद करून पुन्हा चालू करतात. चूक जाते, पण कारणही तिच्याबरोबर जातं, आणि दोन दिवसांनी तीच ओळ पुन्हा समोर येते. ताईंनी बटणाला हात लावला नाही. कोणती फाइल कुणी धरली आहे ते दाखवणारं प्रोसेस एक्स्प्लोरर उघडलं, कंट्रोल आणि एफ दाबलं, अडलेल्या फाइलचं, म्हणजे तपासणीच्या अहवालाच्या फाइलचं नाव लिहिलं.

(पडद्यावर: शोधाची छोटी खिडकी. यादीत एक नाव उमटतं.)

जावा, म्हणजे तपासणारा प्रोग्रॅम जिच्यावर चालतो ती यंत्रणा. कालची. दुपारी कुणीतरी तपासणी मध्येच थांबवली होती. तपासणी चालवणारी स्क्रिप्ट थांबली, पण तिनं सुरू करून दिलेली जावा मागे चालूच राहिली, अहवालाची फाइल उघडी धरून. विंडोजमध्ये फाइल उघडतानाच ठरतं की ती उघडी असताना इतरांना काय करू द्यायचं: वाचू द्यायचं, लिहू द्यायचं, पुसू द्यायचं. परवानगी दिली नसेल तर दुसऱ्याला दार बंद. लिनक्सवर रीत वेगळी. तिथलं नेहमीचं लॉक म्हणजे आपसातली समजूत, न पाळणारा प्रोग्रॅम खुशाल लिहून जातो. तिथे काम अडत नाही, पण अहवालात दोघांच्या ओळी एकमेकींत घुसलेल्या सापडतात. मला विचाराल तर अडणं बरं. निदान कळतं तरी.

प्रोसेस एक्स्प्लोररमधूनच हँडल, म्हणजे प्रोसेसची फाइलवरची पकड, जबरदस्तीनं बंद करता येतं. ताई तसं करत नाहीत, आणि कुणी करूही नये. ज्याच्या हातातून फाइल काढली त्याला ते कळत नाही, आणि अर्धवट लिहिलेलं तसंच राहतं. त्यांनी जुनी जावा टास्क मॅनेजरमधून संपवली आणि तपासणी पुन्हा लावली.

(पडद्यावर: तीच ओळ. पुन्हा ३२.)

पुन्हा शोध. या वेळी नाव आलं ‘सिस्टिम’, प्रोसेस क्रमांक ४. इथे नवखा माणूस गोंधळतो, कारण सिस्टिमला संपवणार कसं? अहवालाचं फोल्डर नेटवर्कवर सगळ्यांना खुलं आहे. दुसऱ्या संगणकावरून फाइल उघडली तरी ती ज्या संगणकावर आहे तिथे सिस्टिमच्या नावावर दिसते. कुणी उघडली ते कळायला कॉम्प्युटर मॅनेजमेंटमध्ये शेअर्ड फोल्डर्स, आणि त्यात उघड्या फाइलींची यादी.

(पडद्यावर: ताई मान वळवून मागे पाहतात. आवाज प्रत्यक्ष चित्रीकरणातला.)

“अरे, एक्सेल उघडं आहे का तुझ्याकडे?”

“हो ताई, कालचा निकाल बघतोय.”

“बंद कर आधी ते.”

(पडद्यावर: एक्सेलची खिडकी मिटते. काळ्या खिडकीत ओळी धावू लागतात.)

त्यानंतर अहवालाला रोज नवं नाव द्यायचं ठरलं, नावातच तारीख आणि वेळ. आधी तात्पुरत्या नावानं लिहायचं, पूर्ण झाला की नाव बदलायचं. कुणी कालचा अहवाल कितीही वेळ उघडा ठेवला तरी आजचं काम अडणार नाही.

(पडद्यावर: मोबाइलवरचं स्टॉपवॉच.)

आता वेगाचं. तपासणारा प्रोग्रॅम आहे न्यू एचटीएमएल चेकर. याची सुरुवात फिनलंडच्या हेन्री सिव्होनेन यांच्या कामातून झाली. २००७ सालचा त्यांचा पदव्युत्तर प्रबंध याच विषयावर होता. हा चेकर जावात चालतो, आणि जावाला उठून कामाला लागायला वेळ लागतो. इथली जुनी स्क्रिप्ट दर पानासाठी जावा नव्यानं सुरू करायची. उठण्यातच एक सेकंद जातो असं धरा. चार हजार पानांना चार हजार सेकंद, म्हणजे तासाच्या वर सहा-सात मिनिटं, आणि तेवढ्यात एकही पान तपासून झालेलं नाही.

बदल एका ओळीचा होता. प्रोग्रॅम एकदाच सुरू करायचा आणि पूर्ण फोल्डर त्याच्या हाती द्यायचं. चालता चालता जावा रुळते, पुढची पानं आणखी लवकर होतात. मग फोल्डरचे चार भाग केले.

(पडद्यावर: प्रोसेसरच्या चार कोअरचे चार आलेख एकदम वर चढतात.)

चार कोअर, चार प्रोसेस, आणि प्रत्येकीचा अहवाल स्वतंत्र. हे स्वतंत्र ठेवणं महत्त्वाचं. चौघींना एकाच फाइलीत लिहायला लावलं असतं तर ३२ नंबर पुन्हा हजर झाला असता. शेवटी चारही अहवाल जोडायचे. शिवाय ज्या पानांत काल‌पासून काही बदललेलं नाही ती वगळायची. एखाददुसरं पान सुधारत बसलं असाल तर हाच प्रोग्रॅम सर्व्हर म्हणून चालू ठेवता येतो, पान पाठवलं की लगेच निकाल येतो.

(पडद्यावर: फळ्यावर खडूनं काढलेली आकृती. मध्ये एक चौकोन, चहूकडून बाण.)

हे सगळं आपल्या संगणकावर का करायचं? वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेची तपासणी सेवा सर्वांना फुकट आहे, पण स्क्रिप्टनं पानं पाठवायची तर दोन पानांत निदान एक सेकंद थांबा, अशी त्यांची विनंती आहे. असा भार त्यांनी पूर्वीही सोसला आहे. पूर्वीच्या पानांच्या डोक्यावर डब्ल्यूथ्रीसीच्या एका फाइलीचा पत्ता असायचा, व्याकरणाची फाइल म्हणा. पान वाचणारे कितीतरी प्रोग्रॅम दर वेळी ती फाइल थेट तिथून मागवायचे. फाइल वर्षानुवर्षं तीच, अक्षरही बदललेलं नाही. २००८ मध्ये डब्ल्यूथ्रीसीनं जाहीर केलं की अशा मागण्या दिवसाला १३ कोटींपर्यंत जातात. उपाय साधा होता: एकदा उतरवा, जवळ ठेवा. सार्वजनिक पाणवठ्यावर घागर भरावी, पाइप लावून बसू नये.

(पडद्यावर: पूर्ण झालेला अहवाल. चुका: शून्य. खोलीत टाळ्या. ताई मात्र स्क्रीनकडेच पाहत आहेत.)

शून्य. ताईंना ते पटलं नाही, कारण भाषेची नोंद नसलेलं एक पान त्यांनी स्वतः पाहिलं होतं. ते या अहवालात कुठे गेलं?

स्क्रिप्टमध्ये ‘फक्त चुका दाखव’ हा पर्याय लावलेला होता. अहवाल आटोपशीर व्हावा म्हणून कुणीतरी कधीतरी लावला असेल. भाषा न लिहिणं ही चेकरच्या लेखी चूक नाही, तो सूचना देतो. पर्यायानं सूचना गाळल्या, आणि ज्यासाठी हा सगळा खटाटोप, तेच अहवालातून गळलं. वेगही त्यानं काही वाढला नव्हता. पान तपासावं लागतंच, फक्त छापायचं कमी.

(पडद्यावर: पर्याय खोडला जातो. तपासणी पुन्हा. पिवळ्या ओळी, पानांमागून पानं.)

चहा येईपर्यंत यादी हातात होती. नोंद नसलेली पानं त्याच दिवशी दुरुस्त झाली.

(पडद्यावर: वाचक, डोळे मिटलेले, कानांवर हेडफोन. समोर ब्राउझर. एनव्हीडीए चालू.)

एनव्हीडीए हा पडदावाचक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, भाषेच्या नोंदीवरून आवाज बदलतो. नोंद नसेल तर लावलेला असेल त्याच आवाजात पुढे वाचत जातो. हे पान काल दुरुस्त झालं.

(निवेदन थांबतं. पडदावाचकाचा आवाज, मराठीत, लेखाचं पहिलं वाक्य शेवटपर्यंत.)